भिंतीकडे तोंड

माझी बायको माबेले गेल्या वर्षी मेच्या शेवटी गेली. तिला फ्लूच्या इंजेक्शनाने मारलं असं मी वर्षभर धरून चाललो होतो, आणि जो भेटेल त्याला तसं सांगतही होतो.

माझं म्हणणं सरळ होतं. मेच्या पहिल्या बुधवारी, आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा, दवाखान्याची गाडी आली. माबेलेला साखरेचा आजार, थंडीत दमही लागायचा, म्हणून ती गेली. परत आली तेव्हा हाताला पट्टी चिकटवलेली होती. अकराव्या दिवशी तिला ताप भरला. मग खोकला, मग छातीत घरघर. शेजाऱ्याच्या बकीत, मागून उघड्या असलेल्या छोट्या गाडीत, गादी टाकून तिला खाली हॉस्पिटलात नेलं. पाचव्या दिवशी ती गेली आणि डॉक्टर म्हणाला, फ्लू होता, त्याचा न्यूमोनिया झाला. फ्लूचं इंजेक्शन घेतलेली बाई फ्लूनेच गेली. त्यापुढे मला काही ऐकायची गरज वाटली नाही.

आमचं गाव डोंगराच्या कुशीत आहे. जूनमध्ये वर बर्फ पडतं आणि वारा झोपड्यांच्या दारातून आत येतो. माझ्या घरी आता मी आणि माझी सून नोखान्यो, दोघंच. मुलगा लुबाबालो रुस्टेनबर्गला प्लॅटिनमच्या खाणीत आहे, तो डिसेंबरमध्ये येतो. गेल्या डिसेंबरमध्ये येऊन गेला आणि नोखान्योला आता पाचवा महिना होता. माबेले असती तर तिने या गोष्टीवर गाणं म्हटलं असतं. मी फक्त विहिरीवरचं पाणी आणायचं काम सुनेकडून काढून घेतलं. गाव हसलं. हसू दे.

यंदाच्या मेच्या पहिल्या मंगळवारी फुमेझा आली. ही गावातलीच पोरगी, आता पस्तिशीची. पाठीवर सरकारी बॅग घेऊन घरोघर फिरते, कुणाच्या गोळ्या संपल्या, कुणाचं बाळ आजारी आहे ते बघते. मी आवारात कुऱ्हाडीला दांडा बसवत होतो. ती उलट्या बादलीवर बसली.

"बाबा, उद्या गाडी येणार. नोखान्योला पाठवा."

"कशाला?"

"फ्लूचं इंजेक्शन. पोटुशा बायकांना आधी देतात."

"का आधी?"

"त्यांना फ्लू जोरात धरतो म्हणून. पलीकडच्या खोऱ्यात आलाय. दोन माणसं गेली. एक बाई सातव्या महिन्यातली होती."

मी दांडा ठोकत राहिलो. मग म्हणालो, "आम्ही नळासाठी अर्ज केला त्याला अकरा वर्षं झाली. नळ आला नाही. इंजेक्शन मात्र न मागता येतं, तेही चार चाकांवर बसून. तुला यात काही दिसत नाही का, फुमेझा?"

"मला नळ दिसत नाही. तो तुम्ही सरकारला विचारा. मी बॅग घेऊन फिरते."

"बरं. मग म्हातारे, आजारी आणि पोटुशा बायकाच का? तिकडे रस्त्याच्या कामावर तगडी पोरं आहेत, त्यांना का नाही? जे मेले तर कुणी जाब विचारणार नाही, तेच कसे निवडून काढता?"

"जे मरतात त्यांनाच आधी देतात, बाबा. म्हणून."

"म्हणजे मरणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं."

तिने डोक्याला हात लावला. "तुमच्याशी बोलणं म्हणजे खेचराला मागे चालवणं आहे."

"खेचर मागे जात नाही कारण मागे खड्डा असतो. माझ्या घरातली एक त्या खड्ड्यात गेली. दुसरी पाठवणार नाही."

फुमेझाने मांडीवरची बॅग खाली ठेवली. मग हळू म्हणाली, "बाबा, माबेलेंनी ते इंजेक्शन घेतलंच नव्हतं."

मी कुऱ्हाड खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

"मी वर्षभर ऐकतेय तुम्ही काय सांगत फिरता ते. शोकात माणसाला तोडून बोलू नये म्हणून गप्प होते. पण आता नोखान्योचा प्रश्न आहे. त्यांनी नव्हतं घेतलं. साखरेसाठी रक्त दिलं, टेबलापर्यंत आल्या आणि परत गेल्या."

"का?"

ती उठली. बॅग पाठीला लावली. "ते मला विचारू नका."

"का विचारू नको?"

"कारण मी तुमच्यापेक्षा लहान आहे," ती म्हणाली आणि गेली.

यात पाणी मुरतंय हे कुणालाही कळलं असतं. माणूस मेला, ओरड झाली, आता म्हणतात त्याला सुई लावलीच नव्हती. वहीत तसं लिहूनही ठेवलं असेल. वही त्यांची, पेन त्यांचं. आणि कारण विचारलं की पोरगी काढता पाय घेते. मी मनात म्हटलं, थेम्बिले, हे लोक आता तुला वेड्यात काढायला निघालेत.

पण गेल्या वर्षी त्या दिवशी माबेलेबरोबर नोखान्योही होती, हे मला आठवलं. तेव्हा ती घरात नवी होती, सासूच्या मागे मागे चालायची.

आमच्यात सून सासऱ्याशी फार बोलत नाही. डोकं बांधलेलं, खांद्यावर शाल, ती पुढे पिनेने घट्ट लावलेली. सासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांसमोर बाईचे खांदे उघडे पडता कामा नयेत. चाळीस वर्षं संसार केला तरी हा नियम सुटत नाही. माझ्या आईने पाळला, माबेलेने पाळला. मी कधी त्याचा विचार केला नाही. आपण ज्या वाटेने रोज चालतो त्या वाटेचा कोण विचार करतो?

नोखान्यो स्वयंपाकाच्या झोपडीत मक्याच्या कण्या आणि घेवडा शिजवत होती. मी दारात उभा राहिलो.

"गेल्या वर्षी गाडी आली तेव्हा तू आईबरोबर होतीस."

"होते, बाबा."

"तिने इंजेक्शन घेतलं का?"

तिने ढवळणं थांबवलं नाही. मान खालीच. "नाही, बाबा."

म्हणजे हिलाही कुणी पढवलंय, असं मला आधी वाटलं. फुमेझा येऊन गेली असेल. मी कडक आवाजात म्हणालो, "तुला हे कुणी बोलायला सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही आज पहिल्यांदा विचारलंत."

हे खरं होतं. मी वर्षभर सांगत होतो, विचारलं कुणाला नव्हतं.

"मग परत का आली? फुमेझा सांगत नाही. तू सांग."

तिने आधी चुलीत लाकूड सरकवलं. मग भांड्याकडे बघतच म्हणाली, "टेबल बाहेर होतं. सिस्टर म्हणाली, शाल काढा, वरची दोन बटणं सोडा, खांदा दाखवा. आईंनी गुरांच्या कुंपणाच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे तुमचे मोठे भाऊ, थोरले बाबा, बसले होते. आणखी माणसं होती. तुम्हीही होतात."

"मग?"

"आईंनी सिस्टरला सांगितलं, आज थंडी वाजतेय, पुढच्या महिन्यात घेईन."

"तिथल्या झोपडीत जायचं होतं. आत घ्यायचं."

"मागावं लागलं असतं ना, बाबा. मागायचं म्हणजे काय म्हणायचं? की थोरल्या बाबांची नजर आहे म्हणून? ते कोण म्हणणार?"

मी दारातून हललो नाही. तिने पहिल्यांदाच एक गोष्ट न विचारता सांगितली. "वाटेत आई हसत होत्या. म्हणाल्या, माझा खांदा बघून म्हाताऱ्याला झटका आला तर सिस्टरची सुई फुकट जायची."

हे माबेलेचंच बोलणं होतं. हे कुणी पढवून येत नाही.

तरी मी तिथेच सगळं मानलं असं नाही. मी जाऊन कुंपणाच्या दगडावर बसलो आणि पट्टी आठवायला लागलो. ती पट्टी मी स्वतः काढली होती. माबेले संध्याकाळी पावाचं पीठ मळत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. म्हणाली, "ही पट्टी ओढ, खाजतेय, पिठात पडेल." मी नखाने टोक सोडवलं. केस ओढले गेले तशी ती मला शिवी देऊन हसली. कुठे होती पट्टी? तिने बाही वर सारली होती, आणि पट्टी होती कोपराच्या आतल्या वळणात, जिथून रक्त काढतात. खांद्याला नव्हती. खांदा तर शालीखाली होता.

वर्षभर ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती. ती कुठे होती हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

याने इंजेक्शन चांगलं आहे असं काही सिद्ध झालं नाही. मी एवढा भोळा नाही. माबेलेला त्याने मारलं नव्हतं, एवढंच सिद्ध झालं. पण मग ती सुई घेतली असती तर वाचली असती का, हा प्रश्न राहिला, आणि तो आधीच्या प्रश्नापेक्षा वाईट होता. आधी मला दोष द्यायला गाडी होती, सिस्टर होती, सरकार होतं. आता भिंतीपाशी बसलेली माणसं राहिली, आणि त्यातला एक मी होतो, गप्पांत इतका की ती परत फिरली तेही मला दिसलं नव्हतं.

उद्या गाडी परत त्याच जागी येणार होती. तेच टेबल, तीच भिंत, तीच माणसं. नोखान्यो गेली असती तरी टेबलापाशी तिने काय केलं असतं ते मला माहीत होतं.

मी परत झोपडीच्या दारात गेलो. "उद्या तू जा."

"जाते, बाबा," ती म्हणाली. पण तिचा हात नकळत शालीच्या पिनेवर गेला, आणि मला कळलं की ती जाईल आणि परत येईल.

गाडी माझ्या थोरल्या भावाच्या आवारात थांबते, कारण रस्ता तिथेच संपतो. दुमिले ऐंशीच्या घरात आहे. आमच्या घराण्याचं मोठं घर त्याचं, गुरांचं दगडी कुंपणही त्याचं. त्या कुंपणाच्या भिंतीला सकाळचं ऊन लागतं, म्हणून गावातले म्हातारे तिथे बसतात. भिंतीसमोर वीस पावलांवर सिस्टर टेबल मांडते. त्याने एक झोपडी दिली आहे, पण तीत बाळांची वजनं, जखमा, रक्त, सगळं चालतं. इंजेक्शनाची रांग बाहेर. झोपडीच्या मागे खडा उतार आहे, तिथे शेळीही जपून उभी राहते.

बुधवारी मी लवकर गेलो. नोखान्योला म्हटलं, तू सावकाश ये. सिस्टर माग्वा गाडीतून निळी थंड पेटी उतरवत होती. जाड बाई, चष्मा दोरीने गळ्यात. मी तिच्याशी वर्षभर बोललो नव्हतो. अंत्यविधीला ती आली होती तेव्हाही मी पाठ फिरवली होती.

"टोलो," ती माझ्या कुळाच्या नावाने म्हणाली, "आज तुम्ही माझ्याशी भांडायला आलात की सुई घ्यायला?"

"अजून ठरवलं नाही. एक सांग. इथे पडदा का लावत नाहीस?"

तिने पेटी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "दोन वर्षांपूर्वी दोन खांब आणि चादर आणली होती. तुमच्या भावाने लावू दिली नाही. म्हणाले, कुंपणाच्या फाटकापासून मोठ्या घराच्या दारापर्यंतची जागा पूर्वजांची वाट आहे. टेबल वाटेला लागून चालेल, पण त्यात खांब रोवायचा नाही, कापड आडवं बांधायचं नाही."

यात दुमिलेचं चुकलं नव्हतं. ती वाट तशीच आहे. घरात आलेल्या सुना ती ओलांडतसुद्धा नाहीत, वळसा घालून जातात. त्याच्या जागी मी असतो तरी खांब रोवू दिला नसता.

"बायका टेबलापाशी येऊन परत जातात का?"

"थंडी वाजते म्हणतात," सिस्टर म्हणाली. "या गावात बायकांना फार थंडी वाजते. शेजारच्या गावात नाही वाजत."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"कुणाला? त्यांना?" तिने हनुवटीने भिंतीकडे खूण केली. "मी महिन्यातून एकदा येते. उद्या म्हणाले, गाडी आत आणू नका, तर मी कुठे उभी करू? नदीत?"

भिंतीपाशी चौघं येऊन बसले होते. मध्ये दुमिले, बिअरच्या उलट्या क्रेटवर, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये. एका टोकाला एक बहिरा म्हातारा, जो ऐकू येत नसल्यामुळे सगळ्यांशी सहमत असतो.

"ये धाकट्या," दुमिले म्हणाला. "इथे ऊन आहे."

मी बसलो नाही. "भुटी," मी म्हणालो, कारण थोरल्या भावाला तसंच म्हणतात, "एक मागायचंय."

"बैल मागू नकोस. बाकी माग."

"तोंड फिरवून बसायला हवं."

"कुणी?"

"आपण सगळ्यांनी. भिंतीकडे तोंड करून."

त्याने इतरांकडे पाहिलं. एक जण फिस्सकन हसला.

"का? माझं शाळेत गणित चुकलंय का?" दुमिले म्हणाला. "मास्तर ऐंशी वर्षांनी आला वाटतं."

"बायकांना शाल काढावी लागते. आपण समोर बसलेलो असतो."

"मग नका काढू म्हणावं. तसंही तूच सांगत होतास ना, त्या सुईने माणूस मरतो म्हणून? वर्षभर माझे कान खाल्लेस. मी माझ्या सुनांना सांगितलं, थेम्बिलेच्या बायकोचं बघा काय झालं. आता काय, सिस्टरने तुला जेवायला बोलावलं?"

मागे टेबलापाशी बायका जमायला लागल्या होत्या. काही रांगेत, काही लांब, आवाराच्या कडेला. फुमेझा त्यांच्यात होती. सगळ्या ऐकत होत्या आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होत्या. नोखान्यो कडेला उभी होती.

मी आवाज खाली आणला. "माबेले गेल्या वर्षी या टेबलापाशी आली होती. तू इथेच होतास. मी तिथे, त्या टोकाला होतो. तिने आपल्याकडे पाहिलं आणि ती परत गेली. सुई घेतलीच नाही तिने."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मलाही नाही. कोण सांगणार? ज्यांना सांगायचं ते आपणच होतो."

दुमिलेचं तोंड घट्ट झालं. "म्हणजे आधी सुईने मारलं. आता मी मारलं?"

"मी तसं म्हणत नाही."

"मग काय म्हणतोस?"

"फिर म्हणतोय."

आमच्यात धाकटा थोरल्याला असं बोलत नाही. मी आयुष्यात बोललो नव्हतो. वडील गेले तेव्हा गुरं वाटताना बोललो नाही, माझ्या लग्नात त्याने माझा पांढरा बैल स्वतःच्या पाहुण्यांसाठी कापला तेव्हाही नाही. दुमिलेने काठी जमिनीवर आपटली.

"हे माझं आवार आहे. ही भिंत आपल्या बापाने रचली. मी इथून उठणार नाही."

"उठू नकोस. क्रेट फिरव, बस्स."

"आणि नाही फिरवला तर?"

मी त्याला हलवू शकत नव्हतो, गाडीही हलवू शकत नव्हतो. शेवटी मी एक दगड ओढला, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवला, आणि त्याच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसलो. नाकासमोर दगड आणि दगडांच्या फटीत वाळलेलं शेण. लोकांकडे माझी पाठ. फार मूर्खासारखं वाटतं तसं बसलं की.

"हा खरंच बसला," कुणीतरी म्हणालं.

"लुबाबालोचं मूल आहे तिच्या पोटात," मी दगडांना सांगितलं. "आपल्या बापाचं पणतवंड. पलीकडच्या खोऱ्यात सातव्या महिन्यातली बाई गेली. ती सुई खरंच उपयोगाची आहे का, मला माहीत नाही. माझा अजून तिच्यावर विश्वास नाही. पण ती घ्यायची की नाही हे नोखान्योने ठरवावं. माझ्या डोळ्यांनी ठरवू नये."

दुमिलेचा श्वास मला ऐकू येत होता. म्हातारपणी तो नाकातून शीळ वाजल्यासारखा येतो. मग क्रेट जमिनीवर घासल्याचा आवाज झाला. एकदा, थांबून परत एकदा, आणि त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

"या भिंतीला डागडुजी हवी," तो म्हणाला. "हा दगड सैल झालाय."

बाकीच्यांनीही आपापले डबे आणि पाट फिरवले. बहिरा म्हातारा सगळ्यात शेवटी फिरला आणि ओरडून विचारलं, "काय दिसतंय? साप आहे का?"

"नाही," दुमिले ओरडला. "गप बस आणि बघ."

"हो, बरोबर आहे," बहिरा म्हणाला.

मागे बायकांच्यात कुणीतरी हसू दाबलं. सिस्टर माग्वाचा आवाज आला, "चला, पहिली कोण?" मग पावलं. टेबलावर काहीतरी काचेचं ठेवल्याचा आवाज. फुमेझा नावं विचारत होती. मला नोखान्योचं नाव ऐकायचं होतं, पण वारा उलटा होता आणि शब्द तुटून येत होते. वळून बघितलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. माझी मान दोनदा अर्धी वळली आणि दोन्ही वेळा दुमिलेने काठीने माझ्या नडगीला टोचलं.

"मला फिर म्हणणारा तूच ना?"

पावलं संपेनात. मी आधी मोजत होतो, मग चुकलो. चपला, बूट, अनवाणी पाय, एक जण काठी टेकत चालणारी. आमच्या आवारात गाडी आली की दहाबारा बायका टेबलापाशी जातात, हे मी कित्येक वर्षं पाहिलं होतं. आज त्याच्या दुप्पट पाय वाजत होते.

"एवढ्या बायका कुठून आल्या?" दुमिलेने विचारलं.

"इथेच होत्या," मी म्हणालो.

त्याने सैल दगड बोटाने हलवून पाहिला. मग परत जागेवर दाबला. त्या दिवशी तो मला आणखी काही बोलला नाही, आणि पुढे बरेच दिवस बोलला नाही. पण गाडी आली की तो क्रेट फिरवतो. ते त्याने मला सांगितलं नाही, फुमेझाने सांगितलं.

शेवटी सिस्टर स्वतः भिंतीपाशी आली. "वळलात तरी चालेल आता. आणि तुम्हा सगळ्यांचं वय झालंय. कोण घेतंय?"

"मला नको," दुमिले म्हणाला.

"हो, बरोबर आहे," बहिऱ्याने हात पुढे केला.

मी वळलो. नोखान्यो आवाराच्या कडेला उभी होती. शाल पिनेने घट्ट, चेहरा खाली, जशी आली होती तशीच. घेतलं की नाही, अंगावरून काहीच कळत नव्हतं. सासऱ्याने सुनेला दंड दाखव असं म्हणायचं नसतं. मी फुमेझाकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली. मान कोणीही हलवतं.

"तिची दवाखान्याची पुस्तिका दाखव," मी म्हणालो.

"बाबा!" फुमेझा म्हणाली.

"दाखव म्हणतो."

नोखान्योने पुस्तिका फुमेझाजवळ दिली, फुमेझाने माझ्याजवळ. मी पान काढलं. तारीख, औषधाचा नंबर, खाली जांभळा शिक्का. मी त्या शिक्क्यावर अंगठा दाबला आणि उचलून पाहिला. अंगठ्याला शाई लागली. म्हणजे शिक्का आत्ताचा होता.

"औषधाची बाटली कुठे आहे?" मी सिस्टरला विचारलं. "तारीख वाचून दाखव. मोठ्याने. आणि तिला ताप आला तर कुणाला फोन करायचा ते या पानावर लिहून दे. तुझा नंबर. दवाखान्याचा नको, तो कुणी उचलत नाही."

सिस्टरने चष्मा डोळ्यांवर चढवला, बाटली उन्हात धरली आणि तारीख वाचली. मग पेन काढून नंबर लिहिला. मी तो तिथल्या तिथे माझ्या फोनवरून लावून पाहिला. तिच्या एप्रनच्या खिशात घंटी वाजली.

मग मी दगडावर परत बसलो आणि कोटाची बटणं सोडायला लागलो.